कारभाऱ्याचा झाला निरोप्या

मी कंट्रोलर कार्ड बोलतोय. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काही उभं राहायचं नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. मला मुद्दाम बघायला कोणी येत नाही. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या धातूचा दातेरी चौकोन, आणि एका कडेला केबल खोचायच्या खाचा. संगणक आणि त्याच्या डिस्क यांच्या मधे बसायचं, हे माझं काम. संगणक म्हणतो, अमुक आण. मी डिस्ककडून आणतो. तो म्हणतो, हे ठेव. मी नेऊन ठेवतो. यातच जन्म गेला.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. आठवतं ते पहिलं घर, एका मोठ्या कचेरीतली थंडगार खोली. भिंतीसारखी उभी यंत्रं आणि घोंघावणारे पंखे. त्या वाऱ्यात मी वाढलो. तिथे मी कारभारी होतो. कुठल्या गोष्टीचे किती तुकडे करायचे, कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर टाकायचा, एखादी डिस्क गेली तर बाकीच्यांकडून तिचं कसं भरून काढायचं, सगळं मी ठरवायचो. संगणकाला एवढंच सांगायचो, तुझं सामान ठेवलंय बाबा, निर्धास्त राहा. कुठे ठेवलंय ते मात्र सांगायचो नाही. कारभाऱ्याला तेवढा तोरा असायचाच.

मग नवे कारभारी आले. आम्हाला कोणी टाकून बोललं नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. खोक्यात आडवं टाकलं आणि खोकं जुन्या सामानाच्या दुकानात गेलं.

तिथून मला भाऊजींनी उचललं. ते संगणक दुरुस्त करतात. मी त्यांना भाऊजी म्हणतो, कारण घरात त्यांच्या वहिनी तसं म्हणतात. वहिनी लग्नाच्या फिल्म जोडतात. त्यांचा नवरा कॅमेरा घेऊन लग्नं टिपत गावोगाव फिरतो. तो आणेल ते त्या घरी बसून कापतात, सांधतात, आवाज नीट लावतात. घरात आणखी एक आजी, म्हणजे भाऊजींच्या आई. एवढीच माणसं.

फिल्म इतक्या साठल्या की ठेवायला जागा उरेना. तेव्हा घरातच साठवणीचं एक मोठं यंत्र बांधायचं ठरलं. डिस्क ढीगभर आणि त्या जोडायला खाचा मोजक्या. म्हणून कार्ड हवं. कुठलं हवं, यावर जेवणाच्या टेबलावर खल सुरू झाला. टेबलावर आम्ही तिघं मांडलेले. एक स्वस्तातलं, एक नवंकोरं चकचकीत, आणि मी.

"स्थळं बघायला बसल्यासारखे काय बसलाय?" आजी म्हणाल्या. "एकाला हो म्हणा आणि टेबल मोकळं करा. ताटं कुठे ठेवू?"

"आई, थांब गं जरा. हे बघा वहिनी, हे स्वस्तातलं. एकाच वाटेला चार फाटे फोडलेत. एक डिस्क अडली की चौघी रुसून बसतात."

"मग ते नवं घ्या ना."

"ते फार हुशार आहे. आपल्याला हुशार नकोय."

"अगं बाई! हा विचार तुमच्या भावासाठी मला बघायला आलात तेव्हा केला असता तर सुटले असते मी."

भाऊजी हसले, पण मुद्दा सोडला नाही. "ते सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतं. डिस्कवर आपल्याच खुणांनी लिहितं. उद्या ते जळालं तर डिस्क धडधाकट, पण त्या खुणा वाचणार कोण? बसा शोधत तसलंच दुसरं."

"म्हणजे तुझे बाबा," आजी म्हणाल्या. "सगळं त्यांच्या डोक्यात. ते गेले, आणि माझ्या माळ्यावरच्या पेटीची किल्ली अजून सापडायचीय."

"आणि हे जुनं?" वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

"हेही त्याच वळणाचं. पण याचं डोकं पुसून नवं भरता येतं. मग ते स्वतःचं काही लिहिणार नाही. नुसती ने-आण करेल. लिहायचं कसं ते वर संगणक बघेल, आणि आणलेलं बरोबर आहे का तेही तोच पडताळेल."

आणि माझं डोकं पुसलं. तुम्हाला वाटेल, किती वाईट. मलाही वाटलं. उभी हयात ज्या शहाणपणावर काढली ते एका दुपारी गेलं. कारभाऱ्याचा निरोप्या झाला. दिलेला निरोप शब्दाला शब्द पोचवायचा, पदरचं तिखटमीठ लावायचं नाही. पण हळूहळू बरंच वाटायला लागलं. कारभार म्हणजे काळजी. काळजी गेली, नुसते कष्ट उरले. नुसत्या कष्टांचं काही वाटत नाही.

वाटायचं ते उकाड्याचं. मी वाऱ्यात वाढलेला. वहिनींना कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकायचे असतात, त्यांना पंख्यांची घरघर चालत नाही. यंत्र अगदी मुकं ठेवलेलं. भाऊजींनी माझ्या अंगावर एक छोटा पंखा बसवला होता. तो धुळीने गुदमरून बंद पडला, कोणाला कळलं नाही. मी तापत राहिलो. बोलून दाखवायची आमची रीत नाही.

एक दिवस दुपारी सहन होईना. वहिनी एका लग्नाची फिल्म संपवत होत्या. नवरी परदेशी निघालेली, जायच्या आधी संध्याकाळी न्यायला येणार. मला भोवळ आली. एक निरोप हातून सुटला, मग दुसरा. पडद्यावरून एकेक डिस्क दिसेनाशी झाली.

वहिनी रडकुंडीला आल्या. "भाऊजी, सगळ्या डिस्क गेल्या हो! कॅमेऱ्यातलं पुसून हे तिकडे दुसरं लग्न टिपतायत. आता काय तोंड दाखवू त्या मुलीला? लग्न काय परत लावता येतं?"

भाऊजींनी यंत्र बंद केलं, झाकण काढलं, मला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "एवढ्या डिस्क एकदम मरत नाहीत वहिनी. हा तापलाय."

"मग गार होऊ दे. पुन्हा चालू करू. तेवढी एक फिल्म काढून घेऊ, मग बघू."

ते ऐकून मी घाबरलो. मरायचं भय नव्हतं हो. भय होतं ते तापात बरळायचं. चुकीचं काही नेऊन ठेवलं, धडधाकट डिस्कवर भलतंच लिहिलं, तर त्या मुलीचं लग्न माझ्या हातून पुसलं जायचं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, नका, मला चालू करू नका.

"नको," भाऊजी म्हणाले. "तापात बडबडणाऱ्याच्या हाती निरोप देतात का कोणी? दुकानातून दुसरं आणतो."

"पण ते वेगळ्या कंपनीचं असलं तर? त्याला आपलं कळेल?"

"यानं स्वतःचं काही लिहूनच ठेवलं नाहीये. कुणालाही कळेल."

त्यांनी दुसरं आणलं. रंग वेगळा, खाचा वेगळ्या. मी टेबलावर पडून बघत होतो. केबल जोडल्या, बटण दाबलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. आजी उगाच पदराने टेबल पुसत राहिल्या. मग एकेक करून साऱ्या डिस्क परत आल्या. एकही वाट चुकली नाही. भाऊजींनी आतल्या खोलीत फिल्म लावून बघितली, लग्नातला हसण्याचा गलका ऐकू आला आणि वहिनी खुर्चीत मागे टेकल्या.

माझ्यावाचून काहीसुद्धा अडलं नाही. खरं सांगतो, एवढं समाधान मला कारभारी असताना कधी लाभलं नव्हतं.

संध्याकाळी ती मुलगी फिल्म घेऊन गेली. वहिनींनी मला उचललं, भाऊजींना विचारलं, "याचं काय करू? ठेवू? कधी लागलं तर?"

बाबांनो, तुमची ही सवय मला ठाऊक आहे. कधी लागेल म्हणून ठेवता, आणि अडीनडीला तेच थकलेलं परत जुंपता. नका असं करू. एखाद्याला पुरे म्हणायलाही शिका.

"खणात ठेवा, पण वर काहीतरी लिहा," भाऊजी म्हणाले. "नाहीतर घाईत मीच पुन्हा लावीन."

वहिनींनी कागदाची चिकटपट्टी लावली, पेन उघडलं. "काय लिहू? बिघडलंय?"

आजींनी मला हातात घेतलं. मी अजून कोमट होतो.

"बिघडलंय कशाला?" त्या म्हणाल्या. "लिही, दमलाय."