एक जूनच्या दोघी

सुंदररावांनी लाकडी फूटपट्टी कागदाच्या पहिल्या ओळीखाली आडवी धरली.

"वाच. बोट ठेवून."

पस्तिशीतल्या दिपालीनं पदर सावरला आणि खरंच बोट ठेवलं. शेजारी बसलेली तिची पाचवीतली लेक संस्कृती तोंडावर हात धरून हसली. आईला असं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हसू नको गं, ह्याच फूटपट्टीनं शिकलीय तुझी आई," बायनाबाई आतून म्हणाल्या. "आन् तुमी हो, शाळा सोडून नऊ वर्सं झाली की. लेकराला च्या तर घिऊ द्या."

"चहा पळून जात नाही."

कागद सहा होते. सिरसाळ्याच्या सेवा केंद्रातून काढून आणलेला दिपालीचा क्रेडिट रिपोर्ट. मिरची-मसाला कांडायच्या यंत्रासाठी तिनं बँकेत अर्ज केला होता. साहेबांनी संगणकात पाहून मान हलवली होती. तुमच्या नावावर थकबाकी दिसते, एवढंच म्हणाले. यंत्र आलं तर ती आणि अभिमन्यू गावातच राहणार होते. नाही आलं तर मुकादमाची उचल घ्यायची आणि दसरा झाला की पोरीला शाळेतून काढून ऊसतोडीला निघायचं. मुकादम दोनदा दारात येऊन गेला होता.

"समदं इंग्रजीत हाय गुरुजी."

"अक्षरं येतात ना? अडलीस की मी आहे. हे बघ, हे प्रगतिपुस्तकच आहे. पहिल्या पानावर तू कोण ते, पुढच्या पानांवर काय घेतलंस आणि कसं फेडलंस ते."

"मग मी नापास कावून झाले?"

"आधी पेपर तुझाच आहे का, ते बघू."

पहिलं खातं शिलाई मशीनचं. बचत गटातून घेतलेलं, दोन वर्षांपूर्वी संपलेलं. प्रत्येक महिन्याच्या चौकटीत शून्य होतं.

"आई, किती शून्य!" संस्कृती कुजबुजली.

"इथं शून्य म्हणजे पहिला नंबर," सुंदरराव म्हणाले. "हप्त्याला एक दिवससुद्धा उशीर नाही. तुझ्या आईला एवढी शून्यं माझ्या गणितात मिळाली होती, पण ती निराळी."

दिपाली पदरात हसली. पुढच्या पानावर मात्र तिचं बोट थांबलं. दुचाकीचं कर्ज. चौकटींमध्ये तीस, साठ, नव्वद असे आकडे चढत गेलेले.

"हे दिवस आहेत. हप्ता किती दिवस थकला, त्याचे."

"पण आमी गाडी कवा घेतली? संस्कृतीचे पप्पा अजून सायकलीवर जातेत!"

सुंदररावांनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं आणि फूटपट्टी संस्कृतीच्या हातात दिली. तिनं एकेक ओळ खाली सरकवत नेली आणि ओळखपत्रांच्या रकान्यापाशी थांबली.

"गुरुजी, मतदान कार्डाचे दोन नंबर हायेत. आईकडं तर एकच कार्ड हाय."

दिपालीनं कागद जवळ ओढला. दुसऱ्या नंबरावर बोट ठेवून म्हणाली, "ही आपली बारकी तर नसंल?"

सुंदररावांच्या वर्गात दिपाली दोन होत्या. उंचीवरून एक थोरली, एक बारकी. शाळेत दोघी एकाच दिवशी आल्या आणि लग्नंही दोघींची एकाच मांडवात झाली. दोघी गित्त्यांच्याच घरात पडल्या. थोरलीचा नवरा अभिमन्यू, बारकीचा अमरसिंह. रिपोर्टवर नवऱ्याचं नाव पुरतं नव्हतंच. नुसतं दिपाली ए. गित्ते. बारकी आता फलटणकडे एका कारखान्याजवळ राहत होती.

"मशीननं दोघींना एकच समजलं असेल," सुंदरराव म्हणाले. दिपालीनं स्पीकरवर फोन लावला आणि ओट्यावर ठेवला.

"थोरले! आज कुठं सूर्य उगवला गं?"

"बारके, तुमी गाडी घेतलीय का?"



"घेतलीय की. ह्यांचा पाय मोडलता, तवा चार हप्ते ऱ्हायले. आता भरतोय. तुला कुणी सांगितलं?"

"ते माझ्या नावावर पडलंय. बँक कर्ज देईना."

"अगं माय! माझ्यापायी?"

"तुझ्यापायी न्हाई गं. गुरुजी म्हणतेत, मशिनीची चूक असंल. तुझ्या मतदान कार्डाचा फोटो धाड फक्त."

"गुरुजी बसलेत का तिथं?" बारकीचा आवाज एकदम खाली आला. "मग मला आधी सांगायचं न्हाई का? नमस्कार सांग."

फोटो लगेच आला. दुसरा नंबर तिचाच होता. बायनाबाईंनी बाहेर येऊन चहाचे कप ठेवले. संस्कृती मात्र अजून पहिल्याच पानावर होती.

"पण गुरुजी, नाव सारखं असलं तरी वाढदिवस तर येगळा असंल ना? मशिनीला ते कळायला नको?"

"तिचाबी एक जूनच हाय," दिपाली म्हणाली. "सालबी तेच. आमच्या वर्गात लई जणांचा एक जून होता."

सुंदररावांनी उचललेला कप परत बशीत ठेवला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला.

जूनमधली सकाळ होती ती. दिपालीचा बाप धोंडीराम दोन पोरींना दोन हातांनी धरून शाळेत आला होता. एक स्वतःची, एक शेजारच्या म्हाळूची. जन्म कधीचा, असं विचारल्यावर पोरीकडे बघत म्हणाला होता, "पोळ्याच्या आदल्या दिशी, गुरुजी. खांदेमळणी. बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळत होतो, अन् आतून हिचा आवाज आला." तेव्हाचे सुंदरराव हसले होते. रकान्यात तारीख लागते धोंडीराम, बैल नाही, असं म्हणाले होते आणि वय बरोबर सहा भरेल अशी एक जून लिहून मोकळे झाले होते. खालच्या ओळीत म्हाळूच्या पोरीलाही तीच. वळणदार अक्षरात.

"मशीनची चूक नंतरची," ते म्हणाले. "पहिली माझी आहे."

त्यांनी वही मागवली आणि दुचाकीचं कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. या दोन वेगवेगळ्या स्त्रिया आहेत, दोघींच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोघींची जन्मतारीख एकच दिसते, कारण दाखल करताना ती मी अंदाजाने लिहिली. एका जागी साल चुकलं तेव्हा संस्कृतीनं खोडरबर पुढे केलं.

"नको. चूक एका रेघेनं कापायची आणि खाली बरोबर लिहायचं. काय चुकलं ते दिसलं पाहिजे."

"मग गुरुजी, आता समद्या कागदांवर खरी तारीख टाकायची का?" दिपालीनं विचारलं.

"तसं करू नकोस. आधार, पॅन, दाखला, सगळीकडे हीच आहे. एका जागी बदललीस की दुसरीकडे अडेल. कर्जाची नोंद दुरुस्त होईल; ही तारीख आता अशीच राहील." पत्राची घडी घालता घालता ते थांबले. "तुझा बाप मला खरं सांगत होता, पोरी. मीच ऐकलं नाही."

आणि धोंडीराम जे म्हणाला होता, ते त्यांनी तिला त्याच्याच शब्दांत सांगितलं. बाप जाऊन दहा वर्षं झाली होती. दिपालीनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि तो गार होईपर्यंत प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रातून रिपोर्टवर ऑनलाइन हरकत नोंदवली, पत्र पोस्टानं गेलं. उत्तराला तीस दिवस लागतील म्हणाले. मुकादम तिसऱ्यांदा आला. दिपालीनं त्याला पाणी दिलं, उचल घेतली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळी मायलेकी सुंदररावांच्या ओट्यावर आल्या. गल्लीत कुणी बैल धुऊन आणले होते, हळदीचा वास येत होता. दिपालीच्या हातात नवा रिपोर्ट होता.

"वाच," सुंदरराव म्हणाले.

तिनं वाचला. बोट ठेवून, न अडता. दुचाकीचं खातं कुठंच नव्हतं. शिलाई मशीनच्या चौकटींतली शून्यं तेवढी जागच्या जागी होती.

"बँकेत परवा बोलावलंय," ती म्हणाली.

बायनाबाईंनी शिऱ्याची वाटी आणून तिच्यापुढे ठेवली. मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आज काय हाय, आजी?" संस्कृतीनं विचारलं.

"खांदेमळणी."

संस्कृतीनं आईकडे पाहिलं, मग कागदाकडे. पहिल्या पानावर तारीख तशीच छापलेली होती. तिनं दप्तरातून पेन काढलं, सुंदररावांची फूटपट्टी त्या तारखेवर ठेवून एक बारीक सरळ रेघ ओढली आणि खाली एक शब्द लिहिला.

मग कागद तपासायला गुरुजींपुढे सरकवला.

सुंदररावांनी लाल पेन शोधलं. ते खिशातच होतं, तरी त्यांना सापडायला वेळ लागला.