एक तारखेचा फोन

दर महिन्याच्या एक तारखेला मामांनी मला फोन करून दम द्यावा, ही कल्पना माझी होती, मामांची नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण झाल्या प्रकाराबद्दल घरातला प्रत्येक जण त्यांनाच बोल लावायला टपलेला आहे.

कर्जाची हकीकत थोडक्यात उरकते. लग्न झालं तेव्हा मी हौसेनं घर मांडलं. भलामोठा सोफा, भिंतभर कपाट, दोन दारांचा फ्रिज. सगळं कर्ज काढून, आणि कर्ज माझ्या नावावर, कारण कायमची नोकरी मला होती. संसार वर्षभरात मोडला. नवरा गेला, सोफा राहिला. कर्ज मात्र असं चिवट निघालं की विचारू नका.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. पुढे काउंटरवर गोड बोलणारे लोक बसतात, मागे मी आणि माझं यंत्र. काच केसभर जास्त घासली गेली तर फ्रेममधून निसटते, केसभर कमी घासली तर बसतच नाही. दिवसभर अशी काटेकोर असणारी मी, पगार झाला की पार सुटायचे. नव्या चादरी काय, अत्तरं काय, मैत्रिणींना जेवणं काय! पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम भरू, असं स्वतःला बजावायचे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दंडावर दंड चढत गेला, तेव्हा मी मामांकडे जाऊन रडले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. दुसऱ्या गावात राहतात. जन्मभर बस स्थानकावर घोषणा करायची नोकरी केली, आणि संध्याकाळी हौशी नाटकं. आवाज असा की त्यांनी गाडी सुटतेय म्हटलं की ज्यांना कुठेच जायचं नाही तेही धावत सुटायचे. शिवाय आवाज बदलण्यात पटाईत. त्यांनी वाण्याला फोनवरून म्हाताऱ्या बाईच्या आवाजात इतकं छळलंय की तो दुकान विकायला निघाला होता.

"मामा, मला कुणीतरी दरडावायला हवं," मी म्हटलं. "तुम्ही दरडावा."

"मी? तुला? अगं, तू माझा चष्मा फोडलास तेव्हा मी तुझ्या आईला सांगितलं, माझाच पाय पडला म्हणून."

"म्हणूनच. खऱ्या वसुलीवाल्यानं दम दिला तर मी फोन बंद करून झोपून जाईन. तुमच्या दमानं पैसे भरेन."

मामांना भूमिका मिळाली, झालं! पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. फोन शेजाऱ्यांच्या, दुकानदारांच्या नंबरांवरून करायचा, कारण ओळखीचा नंबर दिसला तर धाक कसला? आवाज दर वेळी नवा. आणि खेळ मोडायचा नाही. फोनवर तो वसुलीवाला आणि मी कर्जदार. एरवी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, मामींपाशीसुद्धा नाही. वर आणखी एक हुकूम सोडला, "कर्ज फिटेपर्यंत माझ्या दारात यायचं नाही. तिकिटाचे पैसे हप्त्यात घाल."

पहिल्या फोनलाच मी गार पडले. घोगरा, थंड आवाज.

"बाईसाहेब, सोफ्यावर बसलात का? उठा. तो सोफा अजून आमचा आहे."

मी खरंच उठले. उभ्या उभ्या हप्ता भरला, आणि मग पोट धरून हसले.

तुम्हाला हा पोरखेळ वाटेल. वाटू दे. मला तो लागू पडला. एक तारीख जवळ आली की माझी धांदल उडायची, या वेळी काय ऐकवतील? मी जोरात उलट उत्तरं द्यायला लागले, ते त्याहून वरचढ. हप्ता भरल्याशिवाय उत्तर द्यायला तोंड नसायचं, म्हणून आधी भरायचे. रविवारी यंत्रावर बसायला लागले, दुकानात चालत जायला लागले. दंड फिटला, मुद्दल उतरायला लागलं. आरशात बघताना पहिल्यांदा मला माझा राग येईना.

मग मध्येच एक महिना फोन आलाच नाही. मी हिरमुसले, पण हप्ता भरला. त्यानंतर आला तो भलत्याच तारखेला, भर दुपारी, मी काच घासत असताना. आवाज तरुण, जरा नाकातला. मामांचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, "आपण यांच्या भाची ना? वसुली विभागातून बोलतोय. त्यांचं कर्ज थकलंय. ते फोन उचलत नाहीत."

मी यंत्र बंद केलं. मामांची करामत बघा, म्हटलं. या वेळी स्वतःलाच कर्जबाजारी केलं! हसू दाबून म्हटलं, "अहो, तो माणूस महाबिलंदर आहे. सोडू नका त्याला."

"घरी फोन केला की बाई म्हणतात, त्यांचा आवाज गेलाय. सगळ्यांचे असलेच बहाणे."

इथे मात्र मी फुटले. मामांचा आवाज गेला! टेबलावर डोकं ठेवून हसले. पुढच्या काउंटरवरून मालक डोकावून गेले.

तेव्हापासून फोन वाढले. मला वाटलं, म्हाताऱ्याला चेव आलाय. मीही काही कमी नव्हते. तो धमकी द्यायचा, मी फोडणी द्यायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, "मॅडम, त्यांच्याकडे वसूल करण्यासारखं काही आहे तरी का?" मी म्हटलं, "नाही कसं? मामींच्या सोन्याच्या बांगड्या आहेत की. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी. दोन माणसं पाठवा, मामा उभे थरथरतील."

"आभारी आहे, मॅडम," तो म्हणाला. त्या आभारांवर तर मी दिवसभर खूष होते. काय अभिनय, म्हटलं!

एरवी मामींना फोन करायचे तेव्हा मामा कधी अंघोळीला गेलेले, कधी झोपलेले. इतकी अंघोळ करून माणूस झिजेल, असं मी मामींना म्हणालेही होते. साध्या आवाजात बोलले तर खेळ मोडेल अशी भीती वाटत असणार त्यांना, अशी मी माझी समजूत घातली.

आणि माझं कर्ज फिटलं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत एकटीनंच टाळ्या वाजवल्या. एक मोठा केक घेतला, बसमध्ये मांडीवर धरून नेला, आणि न कळवता मामांच्या दारात उभी राहिले.

दार मामींनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "फिटलं?" त्यांनी विचारलं.

"फिटलं! कुठे आहेत आमचे साहेब?"

मामा खिडकीशी खुर्चीवर बसले होते. गळ्याला पातळ रुमाल, त्यामागे श्वासाची बारीक शीळ. अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका सैल झालेला. त्यांनी हात पसरले, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही.

मी केक धरून तशीच उभी. मामींनीच तो माझ्या हातातून काढून घेतला. त्यांचे हात मला दिसले, मोकळे. बांगड्या पिठाच्या डब्यात असतील, असं मनात आलंसुद्धा.

"गळ्यात गाठ होती," मामी म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागलं. आवाजाची पेटीच काढली. यांनी मला शपथच घातली होती, तिला कळवायचं नाही, ती हप्त्याचे पैसे इकडे पाठवेल आणि पुन्हा खड्ड्यात जाईल."

"कधी झालं हे?"

"थंडीत."

आता उन्हाळाही संपत आला होता. माझ्या डोक्यात काही केल्या ते बसेना. "पण मामा, गेल्या आठवड्यात तर तुम्ही…"

मामांनी मांडीवरची पाटी घेतली, खडूनं लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. *माझे फोन बंद झाले. तू कधी विचारलंच नाहीस का ते.*

पुसून पुन्हा लिहिलं. *आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, बरं झालं, पोर आता स्वतःच्या बळावर भरतेय.*

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मामा माझ्या समोर बसले होते, ओठ मिटून, हातात खडू. तरी बघा माझी अक्कल! मला वाटलं, पुरावा मिळाला. "हा बघा, आला! मग हे कोण करतं?" असं म्हणत मी फोनचा स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"मॅडम, वसुली विभाग," नाकातला आवाज म्हणाला. "तुमच्या मामांचा हप्ता पुन्हा राहिलाय. मागे तुम्ही पिठाच्या डब्याचं सांगितलं, त्यानं आमचं काम झालं. तसं आणखी काही आहे का घरात?"

मामींनी फोनकडे मान वळवली.

"मॅडम? आज हसत नाही तुम्ही?"

मी फोन बंद केला. माझे कान बधिर झाले होते. मामांच्या हातातून खडू पडला आणि फरशीवर फुटला, तो मात्र ऐकू आला.

मामी हळूच खुर्चीवर बसल्या. "दोघं जण आले होते," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "दारातूनच म्हणाले, पिठाच्या डब्यात बांगड्या आहेत त्या विका. डब्यासकट ठाऊक होतं त्यांना. मी विचार करकरून वेडी झाले. डबा फक्त माझ्या बहिणीला माहीत होता आणि तुला. तुझं नाव तर मनातही आलं नाही. मी बहिणीला वाट्टेल ते बोलले. तेव्हापासून ती या घरात आली नाही."

"मामी, मला वाटलं मामाच…" मी सगळं सांगितलं. खेळ, एक तारीख, सोफा, बदललेले आवाज. ऑपरेशनचं कर्ज काढताना मामांनी ओळखीची व्यक्ती म्हणून माझा नंबर दिला होता. तो नुसता रकाना भरायला, तिथे फोन जाईल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हसत सांगितलंस त्याला?" मामींनी विचारलं.

"हो. हसत."

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता हाताला लागेल ते माझ्या अंगावर येईल. पण आतून नंबर फिरवल्याचा आवाज आला, आणि मग मामींचा, "ताई, फोन ठेवू नकोस. आधी ऐक."

मामांनी खडूचा तुकडा उचलला. मी म्हटलं, "तुमचं कर्ज मी फेडणार. सगळं. आता माझा पगार मोकळा आहे." त्यांनी मान हलवली. पाटीवर लिहिलं, *अर्धा हप्ता तुझा. अर्धा माझा.* त्याखाली लिहिलं, *बसून बसून माझाही धीर सुटतो. मला कोण दरडावणार?*

केक तसाच राहिला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून बसले. कर्ज फिटलेल्या बाईला जे वाटायला हवं त्यातलं काहीच मला वाटत नव्हतं. आपल्याला कुणाचा आवाज ओळखता येत नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. ज्या आवाजानं मला वाचवलं तो गेला, आणि तो गेलाय हे मला एका परक्या माणसानं सांगितलं, तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून हसले होते.

दुसऱ्या दिवशी त्या वसुलीवाल्याला मीच फोन केला. यापुढे हप्ता वेळेवर येईल, माणसं पाठवायची नाहीत, असं ठणकावलं. तो म्हणाला, "मॅडम, आवाज बदललाय तुमचा."

पुढच्या एक तारखेला मी दुकानमालकाच्या फोनवरून मामांच्या घरी नंबर लावला. आमचं ठरलं होतं, मामा पेल्यावर चमचा वाजवणार. एकदा वाजवला म्हणजे त्यांचा अर्धा भरला, दोनदा म्हणजे नाही. मामी त्या दिवसापासून माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

फोन उचलला गेला. पलीकडे ती बारीक शीळ. मी आवाज घोगरा केला, जमेल तितका थंड केला.

"साहेब, रुमाल गुंडाळून बसलात का? सोडा तो. तो गळा अजून आमचा आहे."

शेवटच्या शब्दावर माझाच आवाज फाटला. फार झालं, म्हटलं, हे बोलायला नको होतं. मी सावरून काहीतरी म्हणणार, एवढ्यात चमचा वाजला. एकदा. आणि मग वाजतच राहिला, भराभर, वेडावाकडा, थांबेचना. मामा हसत होते.

मागून मामींचा आवाज आला, चढलेला.

"पेला फुटेल अहो! आणि तिला म्हणावं, अर्धा तिचा कुठाय?"