सतराव्या ओळीला पाजलेलं पाणी

मी एक जुना पितळी नळ आहे. मित्रांनो, नळाचं काम पाणी देणं, असं तुम्ही शाळेत शिकला असाल. माझं काम होतं पाणी न देणं, आणि ते मी सहा वर्षं इमानेइतबारे केलं. फक्त अकरा दिवस चुकलो. त्या अकरा दिवसांची ही गोष्ट.

इतवारीतल्या एका दुकानातून मला मिहानच्या पलीकडे, एका बियाणे कंपनीच्या शेतावर आणून बसवलं. तिथे अरुंधती मॅडम कमी पाण्यात तग धरणारा संकरित धान तयार करत होत्या. प्लास्टिकच्या छपराखाली धानाच्या चाळीस ओळी असत. रोपं पोटरीत आली, म्हणजे त्यांनी कणीस पोटात धरलं, की नेमकं तेव्हाच मला घट्ट आवळायचे. बाहेर भादव्याचा पाऊस छपरावर थडथड वाजायचा आणि आत पानं विडीसारखी वळत जायची. आडात मुबलक, पण पोहऱ्याला बंदी! मॅडम वही घेऊन कोण आधी मरतं ते टिपत. जी ओळ टिकेल ती नव्या संकराचा बाप होणार, बाकीच्या गुरांच्या दावणीत जाणार. मॅडम दुष्ट नव्हत्या. पण त्या वहीसमोर कोणाची गयही करत नसत.

कामाला कांताबाई यायची. कामठीहून दोन ऑटो बदलून यायची, निंदण करायची, पाखरं हाकायची. तिचं माहेर मौद्याकडच्या धानपट्ट्यातलं. पहिल्यांदा पाणी तोडलं तेव्हा ती मॅडमसमोर उभीच राहिली.

"मॅडमजी, पोटुशीले कोणी उपाशी ठेवते का? काहून छळून राहिले तुमी तिले?"

"मेली तर मेली, कांताबाई," मॅडम वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "इथे मेलेली परवडली, शेतात नको. कामाचं बघा."

कांताबाई निंदणाला लागली, पण तिचं मन काही ऐकेना. तिची आई धान पोटरीत आला की बांधावर हळदकुंकू वाहायची आणि बुडाशी तांब्याभर पाणी घालायची. कोणी तसं केलं नाही तर वाटीभर तांदूळही पोटाला लागत नाही, असं ती म्हणायची. एके दुपारी मॅडम रामदासपेठेतल्या कचेरीत गेल्या, आणि कांताबाईने मला उघडलं.

खरं सांगतो मित्रांनो, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी खळखळून वाहिलो. सतरावी ओळ माझ्या सर्वांत जवळ होती, म्हणून पाणी तिला मिळालं. ओल दिसू नये म्हणून वरून कांताबाईने कोरडी माती पसरली, चिमूटभर कुंकू वाहिलं आणि हात जोडले. मॅडम कचेरीत असताना, अशा अकरा दुपारी आम्ही दोघांनी हे पुण्य केलं.

निकालाच्या दिवशी सतरावी ओळ दाण्यांनी वाकली होती. मॅडमना आनंद आवरेना. आणखी एकच ओळ जिवंत होती, तिसावी. अर्धी कणसं पोचट, अर्धी भरलेली, आणि तिने थेंबही पाणी पाहिलं नव्हतं. हे मला माहीत होतं. पण मला फक्त पाणी सोडता येतं, बोलता येत नाही.

"सतरा ठेवा. तीस कापून गुरांना घाला," मॅडम म्हणाल्या.

कांताबाईने विळा घेतला आणि तिसावी ओळ बुडापासून कापली. सतरावीकडे पाहून मात्र ती लेकीकडे पाहावं तशी हसली. त्या दिवशी तिचं मोठं कौतुक झालं. तुमचा हात चांगला आहे म्हणत मॅडमनी तिला पेढा दिला.

दोन वर्षांनी सतरावीचं संकरित बियाणं तयार झालं. पहिली पिशवी कांताबाईने हट्टाने आपल्या भावासाठी, देवरावसाठी मागून घेतली. त्याने ते बांधापासून बांधापर्यंत लावलं. ऐन पोटरीत पाऊस तीन आठवडे दडून बसला. मग एका सकाळी देवराव कंपनीच्या शेतावर आला आणि त्याने पोचट कणसांची पेंढी माझ्यापुढच्या ओट्यावर टाकली. दाबली की नुसता भुसा.

"बाई, सारा धान मेला," तो बहिणीला म्हणाला. "तू तं म्हणे, हा मरत नाही."

मॅडम एकेक कणीस चोळून पाहत होत्या. "असं होणारच नाही. इथे तर टिकली होती ना!"

कांताबाईचा चेहरा उतरला. "मॅडमजी, इथं मी पाजून राहिली होती तिले. रोज दुपारी नळ सोडून. तिथं कोणी पाजलं नाही."

मॅडमनी पेंढी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "आणि तीस? तिला घातलं होतं पाणी?"

"नाही जी. ते आपली आपणच जगली होती."

"तिचं थोडं तरी बियाणं?"

"तुमीच म्हणलं ना, गुराले घाला. मीच कापली."

देवराव रिकाम्या हाताने निघून गेला. कांताबाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. माझी चावी काढून घेतली आणि मला भंगाराच्या डब्यात टाकलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मित्रांनो, नळाची काळजी घ्या, पाणी जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो. तहानलेल्याला पाणी जरूर पाजा, पण पाजलं हे सांगा. आम्ही ते लपवलं, आणि जी बिचारी पाण्यावाचून जगली होती, तिलाच कापून टाकलं.