उसनी श्रीमंती

माझा भाऊ लवू मॅट्रिक झाला ते एकोणीसशे एकतीस साल. पुढे मुंबईच्या कॉलेजात जायला आमच्याकडे दमडी नव्हती. आमच्या ज्ञातीचा मुंबईतला फंड दर वर्षी आमच्या मालगुंड गावातल्या एका गरीब मुलाचा खर्च उचलायचा. लवूनं अर्ज केला, माझ्या चुलतभावानं, हरिश्चंद्रानंही केला. जास्त गरीब कोण, हे फंडाचे सेक्रेटरी स्वतः घरी येऊन बघत.

ते यायच्या सकाळी हरिश्चंद्राची आई, आनंदीकाकी, पितळेची भांडी घेऊन आमच्या दारात हजर. आईला म्हणाली, "मथुरा, मुंबईचा माणूस येतोय. मडक्यातला पाणी देशील त्याला? घराण्याची लाज जाईल गो!" स्वतःच्या सोन्याच्या पाटल्या काढून तिनं आईच्या हातात घातल्या. पाहुण्यासाठी भावकीतून उसनं आणायची आमच्याकडे रीतच, आणि इथं तर मागावंही लागलं नव्हतं. भाबड्या आईचे डोळे भरून आले. सेक्रेटरींनी चकचकीत घंगाळ पाहिलं, पाटल्या पाहिल्या, चहा घेतला आणि काकीच्या रिकाम्या घराकडे वळले. पैसे हरिश्चंद्राला मिळाले.

लवू आगबोटीवर कोळसा ओढायला गेला. काकी विहिरीवर हसत सांगायची, "पाटल्या घातल्या की भिकारीणसुद्धा शेटाणी दिसते." शेजारच्या सोनूबाईनं ते मला येऊन सांगितलं. केसानं गळा कापला तो असा! मी आईला काही बोलले नाही. काकीशी मात्र गोड वागत राहिले. तिचं वाळवण राखलं, डोकं दुखलं की तेल चोळलं. चोळताना मनात काय यायचं ते देवालाच ठाऊक.

मदत चालू ठेवायची की नाही, हे बघायला पुढच्या वर्षी सेक्रेटरी पुन्हा आले. काकीनं आदल्या दिवशीच भांडी आणि पाटल्या आमच्याकडे लपवायला दिल्या होत्या. "तुझ्याशिवाय कोणावर भरवसा नाय गो, चिमा."

सेक्रेटरी काकीच्या ओटीवर टेकले. मी पाटल्या चढवल्या, घंगाळ डोक्यावर घेतलं आणि सरळ त्यांच्यासमोर नेऊन ठेवलं.

"काकी, तुमचा सामान घ्या. आमचा घर लहान, ठेवू कुठं?" मग घंगाळावर कोरलेलं काकीचं नाव मी सेक्रेटरींकडे फिरवलं. "गेल्या वर्षी आमच्याकडे हाच बघितलात. नाव तेवढा वाचायचा राहिला."

ते चहा न घेताच उठले. हरिश्चंद्राची मदत त्याच दिवशी बंद झाली. लवूचं काही होईल का, म्हणून आई त्यांच्या मागे धावली. ते म्हणाले, यंदा मॅट्रिक झालेल्या मुलांचेच अर्ज यंदा घेतो.

हरिश्चंद्र वाईट नव्हता. सुट्टीत आला की आधी लवूची खुशाली विचारायचा.

संध्याकाळी आम्ही पानावर बसलो होतो. काकी रडत दारात आली. "माझ्या पोराचा काय गुन्हा गो, चिमा?"

"लवूचा काय होता?"

आई पानावरून उठली. मी पोटभर जेवले.