कोरडा गडी

खण्ण!

मागच्या ओट्यावर स्टीलचा पेला पडला आणि गोल गोल फिरत राहिला. लाइट गेलेली, पंखे बंद, सासूबाई आत लवंडलेल्या. आगाशीच्या घरात तेवढाच आवाज. मी धावत गेले तर बाबा, म्हणजे माझे सासरे, माठाजवळ उभे. पेल्याकडे बघत होते, पण वाकत नव्हते.

“राहू द्या बाबा, मी उचलते.”

सकाळपासून ते मागच्या वाडीत केळींचे पाट मोकळे करत होते. मे महिन्याचं ऊन, सत्तरीला टेकलेलं वय, आणि पाठीवरचा सदरा कोरडा ठाक. आमच्याकडे याचं भारी कौतुक. ‘कोरडा गडी’ म्हणतात त्यांना. सासूबाई शेजारच्या व्हेरोनिकामावशींना सांगतात, “आधी ह्यांचे बनियन पिळून काढायला लागायचे. आता दोन वर्षं बघा, थेंब नाही. वय वाढलं तसा माणूस काटक झाला.”

मी जवळच्याच बोळिंजच्या फ्लॅटमधली, सुट्टीपुरती इथं येणारी. गॅसपुढे पाच मिनिटं उभी राहिले की कुर्त्यावर पांढरे डाग. त्यामुळे माझं नाव ठरलेलं.

“काय गो मिठागर, आज किती पोती निघाली?” बाबा रोज विचारायचे.

“दोन. उचला आणि बाजारात न्या,” मी म्हणायचे.

मनातून लाज वाटायचीच. उन्नती, माझी पाच वर्षांची, माझ्यावरच गेलेली. तिच्या मानेवर पावडर थापताना मी सांगायचे, आजोबांसारखं व्हायचं हं.

त्या दुपारी बाबा मिठागर म्हणाले नाहीत. उन्नती त्यांच्या पाठीला लटकायला गेली आणि मागे सरली.

“मम्मी, आजोबा तव्यासारखे लागतात.”

“कोरडे गडी आहेत ना ते,” मी हसत म्हटलं आणि पेला विसळायला नळाकडे वळले.

परत आले तर बाबा अनवाणीच वाडीच्या वाटेला लागलेले.

“बाबा, जेवायचं नाही का?”

ते वळले. “मनोरमा, गाय बांधलीस?”

मनोरमा त्यांची बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. गाय तर मी या घरात कधी पाहिलीच नाही.

मी त्यांचा हात धरला. सुकी, भाजेल अशी कातडी. त्यांना सावलीत निजवलं, चादर भिजवून गुंडाळली, बादलीतलं पाणी अंगावर ओतायला लागले. सासूबाई उठून आल्या आणि ओरडल्या, “अगो, तापल्या अंगावर गार पाणी नको, बाधेल त्यांना!” मी ओतत राहिले. व्हेरोनिकामावशींचा ॲल्रॉय गाडी घेऊन आला.

विरारच्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, “घाम कधीपासून येत नाही?”

“दोन वर्षं झाली,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात अजून थोडी ऐट होती.

“अहो, उन्हाला सरावलेल्या माणसाला उलट लवकर घाम येतो, भरपूर येतो. अंग त्यानंच गार राहतं. गोळ्या कोणत्या चालू आहेत?”

मी पर्समधून पाकीट काढलं. सारखं लघवीला उठावं लागायचं, त्यावरची गोळी. दर महिन्याला मीच आणते.

“हिनं काही जणांचा घाम कमी होतो. हे उन्हात काम करतात, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी गोळी लिहून घ्यायला बाबांबरोबर मीच गेले होते. डॉक्टरांनी विचारलं होतं, काय करतात हे? आणि मी पटकन म्हटलं होतं, आता घरीच असतात. खोटं नव्हतं बोलले. आमच्यात वाडी घरातच धरतात. मागचं दार उघडलं की वाडी.

बाहेरच्या बाकड्यावर उन्नतीला मांडीवर घेऊन बसले. नवऱ्याला, उमंगला, फोन केला होता. तो ऑफिसातून निघाला होता, पोहोचायला दोन तास. दाराच्या काचेतून बाबा दिसत होते. अंगावर ओल्या पट्ट्या, उशाशी पंखा, डोळे मिटलेले. नर्सनं तिसऱ्यांदा ताप पाहिला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

उन्नतीचे केस कपाळाला चिकटले होते. ओठावर थेंब साचलेले. सवयीनं मी ओढणी उचलली, पण पुसवेना. तशीच हातात धरून बसले.

ती काचेतून आजोबांकडे बघत होती.

“मम्मी, आजोबांना घाम कधी येणार?”