मागच्या सीटवर भामाबाई

जत्रेला मटणाचा बेत केला की पाव्हण्यांना फाट्यावर एसटीला सोडायचं काम घरातल्या पोराकडं येतं. तासगावच्या पूर्वेला आप्पासोच्या घरी ते सूरजकडं आलं. सूरज अकरावीला, लायसन नाही. पण मिसरूड फुटली की पोराला गाडी आलीच पाहिजे, हे खूळ आपल्याकडं पोरापेक्षा बापाला जास्त.

गोठ्यामागं बाटल्या उघडल्या होत्या. सूरज खेप करून आला की कुणी ना कुणी 'दमलास, घे घोटभर' म्हणून ग्लास पुढं करायचा. मोठ्यांना नको म्हणायची पोराला लाज वाटायची, आणि आप्पासो मिशीत हसायचा. लेक गड्यांत बसायला लागला, याचं कौतुक!

सातव्या खेपेहून येताना मोटरसायकल तुळशीच्या कट्ट्याला घासली. सगळे हसले. आठव्या खेपेला आप्पासोची भाची शिवांजली पिशवी घेऊन पुढं आली. नऊ वर्षांची पोर. तिची आई आधीच फाट्यावर जाऊन विट्याच्या गाडीची वाट बघत होती.

आप्पासोची आई भामाबाई चुलीपासून उठली. पोरीला बाजूला सारून, पदर खोचून स्वतःच मागं बसली.

"चल रं सूरज, मला सोड."

आप्पासो धावत आला. "आई, उतर. पडशील."

"का? तुझं पोरगं लय भारी गाडी चालवतंय म्हणं."

"आगं, त्यानं थोडी घेतलीया."

गोठ्यामागचे पाव्हणे ग्लास ठेवून अंगणात आले.

"मग पोरगी बसत हुती तवा ते दिसलं न्हाई व्हय तुला? बहिणीची लेक पडली तर चालतंय?"

आप्पासोची मान खाली गेली. त्यानं चावी काढून आईच्या हातात दिली. स्वतःजवळ ठेवायला तोंड नव्हतं, त्याच्याही तोंडाला वास होताच. भामाबाईनं चावी चंचीत सुपारीशेजारी टाकली. सूरजच्या आईनं, मंगलनं, हात धुतले आणि शिवांजलीला आपल्या स्कुटीवरून नेलं.

"आज्जी, मी नको म्हणणार हुतो," सूरज पुटपुटला.

"म्हणला न्हाईस, ती तुझी चूक. पाजली, ती ह्या बाप्यांची."

आप्पासो पाव्हण्यांकडं वळला. पुढच्या जत्रेला पोराच्या ग्लासात ओतणाऱ्यानं माझ्या पंगतीला बसू नये, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं.

बायांनो, बाप्यांनो, ज्या गाडीवर आपल्या आईला बसवायला छाती धडधडते, त्या गाडीवर कुणाचंच लेकरू बसवू नका. आणि कोवळ्या हातात ग्लासही देऊ नका, चावीही देऊ नका.