तासभर बसल्याची ज्वारी

आमच्या कॉलेजचा तत्त्वज्ञान विभाग बंद झाला.

आता असं समजा की तो बंद झालेला नाही. तत्त्वज्ञानात समजून चालायला बंदी नसते, आणि आमच्या विभागात तेवढी एकच सोय उरली होती. तर विभाग चालू आहे, पंखा बंद आहे, आणि मी, रामेश्वर, फळ्यावर ‘ज्ञान म्हणजे काय’ असं लिहून मागं वळलोय. समोर विद्यार्थी एक. तिचं नाव अंबिका. ती माझी थोरली बहीण.

मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, आणि तेही सरकारला आठवेल तेव्हा.

अक्काची गोष्ट सोपी आहे. घरात मेंढरं होती आणि शाळेच्या वयाची पोरं दोन. एकानं शाळेत जायचं, एकानं मेंढरांमागं. मेंढरं माझं ऐकत नव्हती, म्हणून मला शाळेत घातलं. पुढं सरकारी वसतिगृह, शिष्यवृत्ती, विद्यापीठ. शिक्षण सगळं फुकटात झालं, असं मी मुलाखतींत छाती काढून सांगायचो. अक्कानं दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून केली. बारावीही तशीच, बाहेरून. मग एक दिवस म्हणाली, “राम्या, कालेजात नाव घाल माझं. कुणीतरी नाव पुकारावं अन् म्या हजर म्हणावं, एवढंच ऱ्हायलंय.”

मी नाव घातलं. तेव्हापासून ती पडेगावच्या पुढं जिथं मेंढरांचा तळ असेल तिथून माझ्यासोबत शेअर रिक्षानं येते. रिक्षातून उतरेपर्यंत मला गाढवा म्हणते, वर्गात सर म्हणते. वर्गात ती एकटीच असली तरी मी नाव पुकारतो. ती ‘हजर’ असं ओरडते की शेजारच्या वर्गातले सर दचकून जागे होतात. दुसरं वर्ष संपत आलं होतं. एक वर्ष उरलं होतं.

हजेरीपटावर पोरं भरपूर होती. त्यातली निम्मी बिडकीनकडच्या कंपन्यांत पाळीला, निम्मी पोलीस भरतीसाठी मैदानावर पळत. तत्त्वज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता. फक्त त्याला थेट परीक्षेला भेटायचं ठरलं होतं.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

“उद्या समिती येतेय. वर्ग भरलेला दिसला नाही, तर विभाग गेला म्हणून समजा.”

“सर, पोरं कामाला असतात.”

“मग भरा की.”

“कशानं?”

“ते मला काय विचारता? तत्त्वज्ञ तुम्ही आहात.”

संध्याकाळी मी तळावर गेलो. आबा, म्हणजे आमचे वडील, मेंढरं वाघुरीच्या जाळ्यात कोंडत होते.

“आबा, उद्या तासभर माणसं बसवायचीत. माझ्या वर्गात.”

“करायचं काय बसून?”

“काय नाय. नुसतं बसायचं. सायबांनी काय विचारलं तर व्हय म्हणायचं.”

आबांनी जरा विचार केला. “तिथं लई दिस काय उगवलं नाय व्हय?”

“नाय उगवलं.”

“मंग बसवावंच लागंल.”

मला वाटलं, आबांना कळलं. आबांनाही वाटलं, कळलं.

आमच्यात मेंढरं खताला बसवतात. शेतकरी मोकळ्या वावरात बोलावतो, कळप रात्रभर तिथं बसतो, लेंड्या आणि मुताचं खत होतं, आणि सकाळी शेतकरी ज्वारी मोजून देतो. वावर मोठं आणि कळप लहान असला, तर पाहुण्यांची मेंढरं मिसळून घेतात आणि ज्वारी वाटून घेतात. आबांनी आयुष्यभर हेच केलं. मी सांगितलं ते त्यांना यात तंतोतंत बसलं. वावर कॉलेजचं. कळप कमी. पाहुणे बोलवायचे.

सकाळी दोन टेम्पो आले. आबा, आबांची बहीण म्हाळसाबाई, फुलंब्रीकडचे पाहुणे, आणि काही माणसं जी मी फक्त लग्नांत पाहिली होती. बाकं भरली. पटके, टोप्या, पदर. पुढच्या बाकावर अक्का, वही उघडून. मी हजेरी घेतली. तिनं ‘हजर’ म्हटलं. मागून आत्या म्हणाली, “आगं हळू. मेंढरं बुजतील.”

समिती आत आली. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला.

“हे सगळे विद्यार्थी?”

“व्हय,” अख्खा वर्ग म्हणाला.

“या वयात शिकता?”

“व्हय.”

“तत्त्वज्ञान आवडतं?”

“व्हय.”

अध्यक्ष गलबलले. प्राचार्यांकडं वळून म्हणाले, “शिक्षण तळागाळात पोचलं म्हणतो आपण, ते हे. विभाग चालू राहील, काळजी करू नका.” अक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिला मी इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं. ती मेंढरांमागं असायची तेव्हा मी वसतिगृहात असायचो, त्यामुळं पाहायची फारशी संधीही नव्हती.

समिती दारापर्यंत गेली होती. आत्या उठली.

“सायेब, ज्वारी कवा देता?”

“कसली ज्वारी?”

“आता गं बया. तासभर बसलोत नव्हं आम्ही तुमच्या वावरात?”

मी फळा पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.

“यांना कुणी बसवलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझ्या पोरानं,” आबा अभिमानानं म्हणाले. “ज्वारीचं तेवढं ठरवायचं ऱ्हायलं. लई मागत नाय, शिकलेल्या माणसांचं वावर हाय.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “यातले खरे विद्यार्थी किती?”

अक्का उठून उभी राहिली. “मी. हजर.”

“एक.” ते माझ्याकडं वळले. “एका विद्यार्थ्यासाठी सरकारनं विभाग चालवायचा? जनतेचा किती पैसा जातो, कल्पना आहे?”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी शिक्षणाच्या सामाजिक मूल्यावर चाळीस पानांचा निबंध लिहिलेला माणूस. पण बोलले आबा, टोपी सारखी करत.

“सायेब, ह्याला शिकवाया सरकारचं काय गेलं, ते सरकारला ठावं. आमची एक पोरगी गेली. ती आता वापस यायलीय, तर तुमी दार लावायलात.”

मग सवयीनं सगळे म्हणाले, “व्हय.”

अध्यक्ष म्हणाले, भावना समजतात, पण निकष आहेत. भावना त्यांना खरंच समजल्या असाव्यात, कारण जाताना त्यांनी अक्काच्या डोक्यावर हात ठेवला. मग विभाग बंद केला.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या खोलीत मोडकी बाकं ठेवली. माझे तास संपले, म्हणजे मीही संपलो, कागदोपत्री तरी. आता मी सकाळी मेंढरांमागं जातो. ती अजून ऐकत नाहीत. कार्यालयात अक्कानं विचारलं, तिसऱ्या वर्षाचं काय? बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “विषय बदलायचा तर पहिल्यापासून बसावं लागेल. नाहीतर बाहेरून फॉर्म भर ना.”

“बाहेरून,” अक्का म्हणाली. ती हसली, पण त्या दिवशीसारखी नाही. रिक्षात बसली. पडेगाव येईपर्यंत तिनं मला गाढवा म्हटलं नाही. मी वाट पाहत होतो.

तर समजून चालण्याचा भाग इथं संपला. विभाग बंद आहे. मी केलेला अर्ज खाली देतो. त्याच्यावर आवक नंबर पडलाय, एवढं मी स्वतः पाहिलंय.

प्रति, मा. सचिव, उच्च शिक्षण.
विषय: पदवीचा फेरफार करून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करतो की, माझे शिक्षण फुकट झाले असे मी वेळोवेळी सांगितले आहे. ते विधान मी मागे घेत आहे. सबब विनंती की, माझ्या नावे असलेली पदवी माझी थोरली बहीण अंबिका मुंजाबा हिच्या नावे, जमिनीचा फेरफार होतो त्याप्रमाणे करून देण्यात यावी व माझे नाव इतर हक्कांत ठेवावे. श्रीमती म्हाळसाबाई यांची एका तासाची ज्वारी अदा करण्यात यावी. आणि हे काहीच नियमात बसत नसल्यास, मोडकी बाके ठेवलेल्या खोलीच्या दारात रोज सकाळी कुणीतरी एकदा तिचे नाव पुकारावे, व उत्तर येईपर्यंत थांबावे, ही नम्र विनंती.